कोरी बोटं

माझं काम लोकांची बोटं धरायचं.
काउंटीच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी,
मंगळवारी नि गुरुवारी, दहा ते तीन.
स्कूलबसचे ड्रायव्हर येतात,
मूल दत्तक घेणारी जोडपी येतात
(नवरा आधी पुढे होतो, हात पँटला पुसत),
आणि हल्ली ही नवी माणसं,
दुसऱ्याच्या दुखण्यासाठी गांजा लावायचा परवाना मागणारी.
अर्जात त्यांना पुरवठादार म्हणतात.

मी कुणाला काही विचारत नाही.
बोट सैल सोडा, म्हणते,
मी फिरवते, तुम्ही नका फिरवू.

लोवेल टॉर्गरसन, वय एकाहत्तर.
टोपी काढून छातीशी धरलेली, चर्चमध्ये धरावी तशी.
उजवा अंगठा काचेवर टेकला
आणि पडद्यावर नुसतं धुकं.
तर्जनी: धुकं.
करंगळीला एका कडेला दोन-तीन रेघा,
जुन्या साबणावर उरतात तेवढ्याच.

"विटांनी नेलं सगळं," म्हणाला.
चौतीस वर्षं भट्टीच्या पोटात उतरून
अस्तर लावलं होतं त्यानं, चुन्यात हात घालून.
भट्टी बंद पडली, चिमणी पाडली,
हात तेवढे उरले.

मी सांगितलं, लोशन लावा, पाणी प्या, पंधरा दिवसांनी या.
पंधरा दिवसांनी तो आला.
रोज रात्री व्हॅसलीन चोपडून
बायकोचे हातमोजे घालून झोपला होता.
"घट्ट होतात," म्हणाला. "तिचा हात लहान होता."
काच पुसली. पुन्हा धुकं.

कुणासाठी, ते मी विचारलं नव्हतं.
त्यानंच सांगितलं. भावाची बायको, आयडेला.
केमोच्या खोलीतून आली की चार दिवस
पाण्याचाही वास सहन होत नाही तिला.
शेजारच्या कुणीतरी थोडंसं दिलं होतं, परवाना असलेल्यानं,
तो आता ॲरिझोनाला गेला.
"त्या आठवड्यात तिनं अर्धं अंडं खाल्लं."
अर्धं म्हणताना त्यानं अंगठा नि तर्जनी
एकमेकांजवळ आणली,
मी तेच बघत राहिले.

नावावरून शोधलं तर एक जुनं कार्ड निघालं.
एकोणीसशे एकोणऐंशी, जुलै.
ट्रकच्या खणात एक पुडी.
वनस्पती तीच,
तेव्हा खणात सापडलेली, आता अर्जात लिहिलेली.
आणि दहा बोटं, काळ्या शाईत,
काय रेषा होत्या!
कापलेल्या बुंध्यातली वर्तुळं असावीत तशा,
एक चक्र, दोन शंख, एक भोवरा,
कुठंही न तुटलेल्या.
पंचवीस वर्षांचा पोरगा
दहाही बोटांनिशी कागदावर जिवंत.

मशीन म्हणालं: जुळणी शक्य नाही.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मनात आलं,
नावाचा काय, दुसराही कुणी टॉर्गरसन असेल.
या खोऱ्यात नॉर्वेहून आलेली घरं थोडी नाहीत.
हा हात तर पाटी पुसल्यासारखा कोरा.
कोण सिद्ध करणार?
मी पडदा त्याच्याकडे वळवलाही नव्हता.

"एकोणऐंशीचं निघालं असेल," तो म्हणाला.
"तो मीच. लिहा.
शाई तीन दिवस निघाली नव्हती.
आईनं रॉकेलनं घासली."

मी लिहिलं. माझ्या हातानं, निळ्या पेनानं:
ठसे दोनदा घेतले, वाचता आले नाहीत.
जुनी नोंद आपली असल्याचं अर्जदारानं स्वतः सांगितलं.
खाली आणखी दोन ओळी रिकाम्या होत्या.
तिथं काय लिहावं ते फॉर्ममध्ये दिलेलं नाही.
अर्ध्या अंड्याचं लिहिलं.
खोडलं.
परत लिहिलं.

कागद हेलेनाला जाईल, म्हटलं.
सहा आठवडे. कधी आठ.

त्यानं टोपी टेबलावर ठेवली
आणि त्याच बोटांवर मोजायला लागला,
एक हात संपला,
दुसऱ्या हाताच्या अंगठ्याशी आला
आणि तिथं जरा थांबला.